नानांना कुजबुजता येत नसे

खोली दाखवायला नाना जिना चढून वर आले. त्यांनी दार उघडलं, पंखा लावला आणि मला म्हणाले, "तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो सर. पाणी दिवसाआड येतं. पंखा आवाज करतो. आणि घरमालक डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या घेतो. यातल्या कशाची अडचण असेल तर आत्ताच बोला, मागून कटकट नको."

हे ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई हातातला पापड तसाच धरून आमच्याकडे बघत राहिली. मी पंख्याबद्दल काहीतरी विचारलं. बाकीच्या दोन गोष्टींबद्दल काय विचारतात ते मला माहीत नव्हतं.

मी मूळचा धुळ्याचा. जळगावात एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली म्हणून मेहरूणमध्ये, तलावाच्या थोडं अलीकडे, नानांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. खाली नाना, त्यांची बायको, जिला अख्खी गल्ली अक्का म्हणायची, आणि मनीषा ही त्यांची मुलगी. मनीषा एका दवाखान्यात औषधं द्यायला बसायची आणि घरात ती एकटीच हळू बोलायची.

नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. स्टँडवरच्या जाळीच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माइक हा नाजूक गळ्याच्या माणसांसाठी असतो, असं त्यांचं मत होतं. निवृत्त झाल्यावर खोली सुटली, आवाज तेवढा बरोबर आला. अक्कांनी जेवायला हाक मारली की नाना "हात धुतो" असं उत्तर देत, आणि नाना आता हात धुणार आहेत हे गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीवर कळे. त्यांना कुजबुजता येत नसे. मी एकदा त्यांना प्रयत्न करताना पाहिलं आहे. लांबच्या नात्यातल्या कोणाच्या तरी दहाव्याला आम्ही गेलो होतो. अक्कांनी डोळ्यांनी खुणावलं म्हणून नाना माझ्या कानाशी वाकले आणि जमेल तेवढ्या हळू म्हणाले, "उन्हात बसू नका, सावलीत या." भटजी मंत्र थांबवून उठले आणि सावलीत जाऊन बसले.

असा माणूस नेमका ज्या आजाराबद्दल सगळं जग कुजबुजतं तो आजार घेऊन बसला होता.

आजाराला डॉक्टरांनी लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. नाना त्याला घाटाचा आजार म्हणत. "कधी चढ, कधी उतार. गोळी म्हणजे ब्रेक. ब्रेक नीट असला की घाट पण छान वाटतो," असं ते दूधवाल्याला, गॅसवाल्याला आणि मतदार यादी तपासायला आलेल्या बाईंना सारख्याच उत्साहानं समजावून सांगत. गोळ्यांचा डबा हॉलमधल्या शोकेसमध्ये असे, मनीषाच्या वक्तृत्वाच्या ढालींच्या शेजारी. पाहुणे येणार असले की नानांचे धाकटे भाऊ, आबा, आधी येऊन तो डबा पिठाच्या डब्यामागे ठेवायचे आणि पाहुणे बसले की नाना तो शोधत सगळ्या घरातून फिरायचे. "माझ्या डोक्याच्या गोळ्या कोणी पाहिल्या का?" हे वाक्य पाहुण्यांनी ऐकू नये म्हणून डबा लपवायचा, आणि डबा लपवल्यामुळेच ते पाहुण्यांना ऐकू जायचं. आबांच्या हे कधी लक्षात आलं नाही.

लोकांची विचारपूस करायची त्यांची पद्धतही निराळी होती. "तब्येत कशी आहे?" एवढ्यावर ते थांबत नसत. "खालची कशी? वरची कशी?" असं विचारत. खालची म्हणजे गळ्याखालची, वरची म्हणजे डोक्याची. सुरुवातीला लोक हसून वेळ मारून नेत. नंतर सवयीनं उत्तरं द्यायला लागले. गल्लीत भाजीची गाडी आणणारी बाई एकदा वांगी तोलता तोलता म्हणाली, "खालची बरी आहे नाना. वरची जरा ढगाळ आहे, सून माहेरी जाऊन बसली." नानांनी वांगी राहू दिली, तिला ओट्यावर बसवलं आणि अक्कांना चहा टाकायला सांगितलं. त्या दिवशी गल्लीत भाजी दुपारी पोचली.

एका लग्नाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी होतो. समोरचे दोन गृहस्थ जेवणाआधी खिशातून गोळ्या काढून एकमेकांना दाखवत होते, ही शुगरची, ही बीपीची, आमची अर्धी, तुमची पूर्ण. नानांना राहवेना. त्यांनीही आपली पट्टी काढली आणि म्हणाले, "ही माझी. मूड जाग्यावर ठेवते."  त्यांच्या उजव्या हाताच्या माणसानं आपलं ताट थोडं पलीकडे सरकवलं. नानांनी ते पाहिलं आणि त्याला आपुलकीनं समजावलं, की हे उडून ताटात येत नाही, बिनधास्त जेवा. बिचारा नंतर बट्टीवर तूपसुद्धा मागेना.

ते असे का वागतात, हे मला अक्कांकडून कळलं आणि उरलेलं त्यांनी स्वतःच सांगितलं.

नोकरीत असताना एका उन्हाळ्यात त्यांची झोप गेली. झोप गेली आणि त्यांना फार छान वाटायला लागलं. डोक्यात सगळ्या डेपोच्या गाड्या एकदम सुटल्यासारखं. एके दिवशी दुपारी त्यांनी स्टँडवर जळगाव ते श्रीनगर, व्हाया एरंडोल, पारोळा, धुळे, अशी गाडी फलाटावर लागल्याचं पुकारलं. प्रवाशांनी चादरी बरोबर ठेवाव्यात, अशी सूचनाही दिली. गंमत वाटून लोक हसले, पण आवाजात एवढी खात्री होती की एक म्हातारं जोडपं खरंच फलाटावर जाऊन उभं राहिलं. त्यांना पारोळ्याला लेकीकडे जायचं होतं, आणि ही गाडी तिथं थांबत होती. नानांनी त्यांना स्वतः चहा नेऊन दिला. हा भाग सांगताना नाना स्वतःच पोट धरून हसत.

त्याच्या पुढचा भाग मात्र अक्का सांगत. चढ संपला आणि उतार लागला. ज्या माणसाच्या आवाजानं स्टँडवरची कबुतरं उडायची तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पाणी हवं असलं तर बोटानं दाखवायचा. आबांनी त्यांना एका भगताकडे नेलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. "भूत नव्हतंच, तर निघेल कुठून," नाना म्हणत, "ठसका मात्र पावसाळ्यापर्यंत पुरला." शेवटी त्यांच्याबरोबरच्या एका ड्रायव्हरनं धुळ्याच्या डॉक्टर मॅडमचं नाव सांगितलं. धुळ्याच्या एवढ्यासाठी, की जळगावात कोणी पाहू नये.

त्या महिन्यांत घरी कोणी भेटायला आलं तर आबा दारातूनच सांगत, नाना गावाला गेलेत. नाना मला एवढंच म्हणाले होते, "सर, मी आतल्या खोलीत पडलेलो असायचो आणि बाहेर मी गावाला गेलेलो असायचो. मले ऐकू यायचं सगळं. मी पडल्या पडल्या विचार करायचो, की बरा झालो तर या गावाहून परत येईन आणि बठ्ठ्यांना, अख्ख्या गल्लीला सांगेन की मी इथंच होतो."

ते बरे झाले आणि सांगत सुटले.

आता माझं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वर्गात फळ्यावर समीकरण लिहिताना माझा हात घामानं भिजला, छाती धडधडायला लागली आणि मी आत्ता इथंच मरणार अशी माझी खात्री पटली. मुलांना मी ॲसिडिटी झाली म्हणून सांगितलं. मग ती ॲसिडिटी दर आठवड्याला, नंतर दररोज व्हायला लागली. हृदयाच्या डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी काढून हृदय उत्तम असल्याचं सांगितलं. पोटाच्या डॉक्टरांनी पोट उत्तम असल्याचं सांगितलं. मी जिन्यात बसून पाण्याची बाटली कपाळाला लावत होतो तेव्हा नानांनी मला पाहिलं. खालची सगळी उत्तम निघाली म्हणता, तर एकदा वरची दाखवून घ्या, असं ते म्हणाले. मी म्हणालो, मी काही वेडा नाही. नाना म्हणाले, मी पण नाही, म्हणूनच तर दाखवतो.

त्यांच्याबरोबर जायला मी तयार झालो, पण माझी अडचण उलटी होती. जळगावची माणसं लपण्यासाठी धुळ्याला जातात. मी धुळ्याचाच. देवपुरात माझं घर, घरात आई, आणि शहरभर मामा. मी तोंडाला रुमाल बांधला, डोळ्यांवर काळा चष्मा लावला, डोक्यावर टोपी घातली. नाना बसमध्ये माझ्या शेजारी बसले आणि एरंडोलपर्यंत काही बोलले नाहीत. एरंडोलला म्हणाले, "सर, तुम्हाला या वेशात पाहिलं तर लोक पोलिसांना बोलवतील. डॉक्टर राहील बाजूला."

दवाखान्यात गेलो तर बाकांवर बसलेली झाडून सगळी माणसं माझ्यासारखीच. रुमाल, ओढण्या, मफलर, चष्मे. मे महिना होता आणि एका गृहस्थांनी माकडटोपी घातली होती. बँक लुटायला निघालेली टोळी नंबर लागायची वाट बघत बसावी तसा देखावा. उघड्या तोंडाचे फक्त नाना. त्यातली निम्मी माणसं जळगावची होती, हे मला त्यांच्या पिशव्यांवरच्या दुकानांच्या नावांवरून कळलं. नानांना तर चालीवरूनही कळलं असणार. पण इथं नाना एक अक्षर बोलत नसत. कोणाला नमस्कार नाही, कोणाची वरची-खालची नाही. परत येताना मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आपली गाडी आपण पुकारायची. दुसऱ्याची नाही." दवाखान्यात पाहिलेल्या माणसाचं नाव त्यांनी अक्कांनाही कधी सांगितलं नाही.

डॉक्टर मॅडमनी माझ्या मरणाच्या भीतीचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, श्वासाचे काही प्रकार शिकवले आणि दर महिन्याला यायला सांगितलं. मला फरक पडला. दर महिन्याच्या एका शनिवारी मी रुमाल बांधून धुळ्याला जायचो, काम झालं की स्टँडवर वडापाव खायचो आणि घराकडे न फिरकता जळगावची बस धरायचो. आईला मी फोनवर सांगायचो, की कॉलेजात शनिवारी जादा तास असतात.

त्याच वर्षी मनीषासाठी चाळीसगावचं स्थळ आलं. मुलाचं ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान होतं. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला, आणि मंडळी बघायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी आबा आले आणि त्यांनी बेत सांगितला. गोळ्या पिठाच्या डब्यामागे. आणि नाना गावाला गेलेत, असं सांगायचं.

 नाना एकदम म्हातारे दिसायला लागले. तेव्हा मनीषा, ती हळू बोलणारी मनीषा म्हणाली, की बाबा गावाला गेले तर मी पण त्यांच्याबरोबर गावाला जाईन, मग बघा कोणाला बघायचं ते. शेवटी तोडगा निघाला. नानांनी बसायचं, पण बोलायचं नाही. त्यांना बोलू न देण्याची जबाबदारी आबांनी माझ्यावर टाकली. मी शेजारी बसून त्यांना शेव वाढत राहायची, म्हणजे तोंड भरलेलं राहील.

नानांनी शब्द पाळला. मंडळी आली, चहा आला, मी शेव वाढत होतो, नाना खात होते. मुलाच्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नांना ते मान हलवून उत्तरं देत होते. मुलाची मावशी अक्कांना म्हणालीसुद्धा, की तुमचे मालक फार शांत आहेत हो. अक्कांना ठसका लागला.

आणि शोकेसवर चार्जिंगला लावलेल्या नानांच्या मोबाइलमधून नानांचाच आवाज घुमला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नानांच्या डोक्याची गोळी फलाटावर लागलेली आहे. नानांनी ताबडतोब पाण्याचा ग्लास घेऊन यावे." औषधाची आठवण राहावी म्हणून त्यांनी स्वतःच भरून ठेवलेला तो गजर होता, आणि तो कोणाच्याच लक्षात राहिला नव्हता. मी उडी मारली, पण मोबाइलला कुलूप होतं. घोषणा पुन्हा एकदा पहिल्यापासून झाली.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवून विचारलं, कसली गोळी. आबा म्हणाले, गॅसची. मोबाइल तिसऱ्यांदा म्हणाला, डोक्याची.

नानांनी तोंडातली शेव शांतपणे संपवली, पाणी प्यायलं आणि उभे राहून सांगितलं, "मला मानसिक आजार आहे. बरीच वर्षं झाली. गोळीवर ठणठणीत आहे. मुलीला सांभाळून घ्या म्हणणार नाही, ती सगळ्यांना सांभाळते."

मंडळी वाईट वागली नाहीत. चहा संपवला, पोहे संपवले, अक्कांच्या लोणच्याचं कौतुक केलं. दोन दिवसांनी फोन आला, पत्रिका जुळत नाही. ती आधीच जुळली होती. त्या संध्याकाळी आबा हॉलमध्ये उभे राहून नानांना बरंच बोलले. तुझ्या आवाजापायी पोरीचं वाटोळं झालं, हे त्यातलं शेवटचं. मनीषानं त्यांना गप्प बसवलं, पण ते वाक्य निघून गेलं होतं.

त्यानंतर गजर वाजेनासा झाला. मला वाटलं, नाना आता गुपचूप घेत असतील. खरं तर त्यांनी गोळ्याच सोडल्या होत्या. आपण बरे आहोत, गोळी लागत नाही, हे दाखवलं की मुलीचं जमेल, असा त्यांचा हिशेब.

पहिले काही दिवस सगळ्यांना बरंच वाटलं. नाना पहाटे उठून गल्ली झाडायला लागले. मग सावद्याच्या मित्राकडून टेम्पो भरून केळी आणली आणि घरोघरी एकेक घड टांगून आले. आमच्या जिन्यात, मीटरच्या खोक्यावर, पिठाच्या गिरणीच्या दारावर, सगळीकडे केळी. मग गल्लीत बसथांबा बांधायचा म्हणून विटा आल्या. ते फार भराभर बोलत होते, आणि त्यांचे डोळे अजिबात दमत नव्हते. एका शनिवारी सकाळी मनीषानं शोकेसमधला डबा उघडून पाहिला तर तो भरलेला. तिनं लगेच डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजच घेऊन या. पण नाना यायला तयार नव्हते. बऱ्या माणसानं दवाखान्यात कशाला जायचं, असं म्हणून ते चप्पल घालून बाहेर पडले.

मी पोचलो तेव्हा नाना मेहरूण तलावाच्या कडेला, फिरायच्या रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि सकाळी फिरायला आलेल्या लोकांना मार्गी लावत होते. जाड माणसांना ते जलद गाडी म्हणून पुढे काढत होते. जॉगिंग करणाऱ्या दोन बायकांना त्यांनी फलाट बदलायला लावला. एका वकिलांना तर मागे घेऊन, हातानं इशारे करून, नीट झाडाखाली लावलं. हसू येण्यासारखंच होतं ते, मला पण आलं. मग मला दिसलं की लोकांनी मोबाइल काढले आहेत आणि सगळे शूटिंग करताहेत. रस्त्याच्या कडेला अक्का हातात त्यांचा शर्ट घेऊन उभ्या होत्या, कारण नाना बनियनवरच निघाले होते. मनीषा त्यांचा हात धरत होती आणि ते तो सोडवत होते. आबा लोकांवर ओरडत होते. गर्दीत माझ्या वर्गातली मुलंही होती.

मी नानांजवळ गेलो आणि म्हणालो, "नाना, मला धुळ्याला जायचंय."

"कशाला?"

"डॉक्टर मॅडमकडे."

"मोठ्यानं बोला सर. गाड्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

एकही गाडी नव्हती. मी माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे पाहायचं सोडून दिलं. "मला डोक्याच्या डॉक्टरकडे जायचंय," मी ओरडून सांगितलं. "मी पण गोळ्या घेतो. मला एकट्याला जायला भीती वाटते. तुम्ही चला बरोबर."

घरी माझ्या गोळ्या अजून शिल्लक होत्या. भीती मात्र खरी होती. नानांचे वर गेलेले हात खाली आले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, वकिलांना झाडाखालून सोडलं आणि म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचं? पेशंटला ताटकळत ठेवतात का?" अक्कांच्या हातातून त्यांनी स्वतः शर्ट घेतला. नाना, अक्का आणि मी रिक्षात बसलो तेव्हा बऱ्याच जणांचे मोबाइल खिशात गेलेले होते. सगळ्यांचे नव्हते.

बसमध्ये ते सारखे बोलत होते. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यानं थांबे पुकारायचं काम त्यांच्यावर सोपवलं आणि आपण मागे जाऊन निवांत बसला. पारोळ्याचे प्रवासी उतरल्यावर नाना एकदम माझ्याकडे वळले. "सर, मी गोळ्या बंद केल्या होत्या," ते म्हणाले. "मनीषाचं जमावं म्हणून." हे ते हळू बोलले. पुढच्या सीटवर बसलेल्या अक्कांनाही ऐकू गेलं नसेल एवढं हळू. नानांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

दवाखाना दुपारनंतर उघडणार होता. नानांना तोवर स्टँडवर बसवणं शक्य नव्हतं, ते सरळ नियंत्रकाच्या खोलीत शिरले असते. मग मी दोघांना माझ्या घरी, देवपुरात नेलं. दुसरा इलाजच नव्हता. आईनं दार उघडलं. शनिवारी जादा तास घेणारा मुलगा, एक उलटा शर्ट घातलेले गृहस्थ आणि एक रडून डोळे सुजलेल्या बाई, असे आम्ही तिच्यासमोर उभे. नानांनी तिथंच आपलं नाव, गाव, आजार आणि येण्याचं कारण सांगितलं, तेही समोरच्या इमारतीला कळेल असं. आई म्हणाली, "या भाऊ, पहिले जेवी ल्या." तिनं भरीत केलं होतं. नाना जेवता जेवता तिला श्रीनगरच्या गाडीची गोष्ट सांगत होते आणि ती वाढता वाढता हसत होती. मधूनच ती माझ्याकडे बघायची. मी खाली ताटात बघत होतो.

डॉक्टर मॅडमनी नानांना काही दिवस ठेवून घेतलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मग झोप आली, मग हळूहळू नाना आले. लाज वाटून ते पुन्हा गप्प होतील अशी मला धास्ती होती. पण सोडायच्या दिवशी त्यांनी मॅडमना विचारलं, की मी तलावावर नेमक्या किती गाड्या सोडल्या त्याचं कोणाकडे शूटिंग असेल का, वाहतूक बरी सांभाळली होती म्हणतात. आबा त्यांना न्यायला आले होते. ते हॉलमध्ये काय बोलले होते त्याचा कोणी विषय काढला नाही. घरी पोचल्यावर मात्र आबांनी स्वतः डबा शोकेसमध्ये, ढालींच्या पुढे ठेवला.

मनीषाचा नवा बायोडेटा नानांनी लिहिला. वडिलांच्या रकान्यात निवृत्त, मानसिक आजारावर नियमित औषध, तब्येत उत्तम, आवाज मोठा, असं सगळं होतं. मनीषानं त्यातला एकही शब्द खोडू दिला नाही. बरीच स्थळं त्या रकान्यापाशी थांबली. एक थांबलं नाही. तो शिरपूरचा मुलगा, शाळेत शिपाई होता, आता क्लार्क आहे. पहिल्या भेटीत त्यानं एकच शंका विचारली, आवाज मोठा म्हणजे किती. नाना म्हणाले, "एवढा." मुलगा म्हणाला, चालेल, आमच्या आजीला ऐकू कमी येतं.

माझ्या वर्गाचं म्हणाल तर सोमवारी मी दारापाशी बराच वेळ उभा राहिलो. आत गेलो तर फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मागच्या बाकावर दोघं हसले, एकानं नानांसारखा गाडी मागे घ्यायचा हात केला. तास संपल्यावर एक मुलगी वही आवरायचं निमित्त करून मागे रेंगाळली आणि तिनं विचारलं, "सर, त्या मॅडम फक्त शनिवारीच असतात का?" मी तिला दवाखान्याचे वार सांगितले. कोणासाठी ते विचारलं नाही.

धुळ्याच्या त्या दिवसाचं एक राहिलं. नानांना दाखल केल्यावर संध्याकाळी मी अक्कांसाठी डबा घ्यायला घरी परत आलो. आई भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तू बी तठेच जास का? त्या डॉक्टरकडे?"

मी हो म्हणालो.

"कवयपासून?"

"उन्हाळ्यापासून. दर महिन्याला येतो."

तिचा हात थांबला. आता ती रडेल, कोणाची नजर लागली म्हणेल, मामाला फोन करेल, माझ्या लग्नाचं कसं व्हायचं म्हणेल, असं मी धरून चाललो होतो. या सगळ्यांची उत्तरं मी बसमध्ये कितीतरी शनिवार घोकली होती.

"दर महिन्याले आठे येस," ती म्हणाली, "मंग जेवाले घर कसाले नही येत व्हता?"

 तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली आणि भिंतीला टेकवलेलं माझं ताट ओढून घेतलं. डबा नंतर भरू, म्हणाली. पहिले तू बस.